अस्थिचित्रणातील किरणोत्सारी द्रव्याचा रक्त व मूत्रपिंडांतून प्रवास : वैद्यवर्गासाठी एक अभ्यास

प्रस्तावना

कटिशूल, संधिशूल, अस्थिभंग अथवा अर्बुद या व्याधींचे जे रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतात, त्यांपैकी अनेकांच्या हातात आज ‘बोन स्कॅन’चा अहवाल असतो. ही तपासणी आपण करीत नाही, तिचा अहवालही आपण लिहीत नाही. परंतु रुग्ण तो अहवाल घेऊन आपल्याकडेच विचारावयास येतो. ‘अंगात किरणोत्सारी औषध घातले आहे, ते कधी निघेल?’, ‘मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होईल का?’, ‘अहवालात मूत्रपिंडे दिसत नाहीत असे लिहिले आहे, म्हणजे काय?’ असे त्याचे प्रश्न असतात. या प्रश्नांना अंदाजाने उत्तर देणे किती महागात पडते, याचा अनुभव आम्ही स्वतः घेतलेला आहे आणि प्रस्तुत लेखाचे निमित्तही तेच आहे.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ तीव्र कटिशूलासाठी आमच्याकडे चिकित्सा घेत होते. अभ्यंग व स्वेदन चालू होते. मध्यंतरी त्यांनी अन्यत्र बोन स्कॅन करून घेतला आणि अहवालाचे केवळ पहिले पान आम्हांस दाखविले. त्यात दोन्ही मूत्रपिंडे दिसत नसल्याचा उल्लेख होता. आम्ही त्याचा सरळ अर्थ लावला की मूत्रपिंडांचे कार्य मंदावले आहे. पुनर्नवा, गोक्षुर इत्यादींची योजना केली, पाणी बेताने पिण्यास सांगितले आणि कटिप्रदेशाचे अभ्यंग तसेच चालू ठेवले. पंधरा दिवसांनी दुसरे पान हाती आले. त्यातील निष्कर्ष असा होता की पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचा प्रसार जवळजवळ सर्व अस्थींमध्ये झालेला असून त्यामुळेच मूत्रपिंडे चित्रात उमटलेली नाहीत. रक्ततपासणीत मूत्रपिंडांचे कार्य सर्वथा प्राकृत होते. म्हणजे जेथे व्याधी नव्हता तेथे आम्ही चिकित्सा करीत होतो, आणि जेथे होता त्या दुर्बल झालेल्या पृष्ठवंशावर मर्दन करवीत होतो. सुदैवाने मणका भंगला नाही; परंतु योग्य चिकित्सेचे पंधरा दिवस वाया गेले.

ही चूक अहवालाची नव्हती. शिरेतून दिलेले द्रव्य कोठून कोठे जाते याचा हिशेब आम्हांस ठाऊक नव्हता. तो हिशेब येथे क्रमाने मांडीत आहोत.

द्रव्याचे स्वरूप

आज अस्थिचित्रणासाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य दोन घटकांचे बनलेले असते. पहिला घटक टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी अणू, आणि दुसरा मेथिलीन डायफॉस्फोनेट हा त्याला अस्थीपर्यंत वाहून नेणारा रेणू. या दुसऱ्या घटकास संक्षेपाने एमडीपी म्हणतात. पहिला दिवा आहे, दुसरा तो दिवा वाहणारा वाटाड्या आहे, असे समजण्यास हरकत नाही.

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे पेरिये व सेग्रे यांनी शोधले. त्याच्या ९९एम या रूपाचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे, म्हणजे दर सहा तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. त्यातून निघणारे १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन गॅमा कॅमेऱ्यात टिपले जातात. इतके अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून ६६ तास अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम-९९ एका नळीत भरून रुग्णालयास पुरविले जाते. त्यापासून सतत निर्माण होणारे टेक्नेशियम रोज क्षारयुक्त पाण्याने धुवून काढतात. या क्षेत्रातील मंडळी त्या यंत्राला ‘गाय’ व या क्रियेला ‘दोहन’ म्हणतात. आपल्याकडे नवी मुंबईतील वाशी येथील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजेच ‘ब्रिट’, अशी साधने व एमडीपीचे तयार संच पुरविते. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेले विकिरण चिकित्सा केंद्र हे या शाखेचे देशातील आद्य केंद्रांपैकी एक होय.

येथे मात्रेचा विचार महत्त्वाचा आहे. प्रौढास सामान्यतः १५ ते २० मिलिक्युरी एवढी किरणोत्सारिता दिली जाते. परंतु २० मिलिक्युरी टेक्नेशियम-९९एमचे वजन सुमारे चार नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट, एवढेच भरते. सोबतचे एमडीपीही काही मिलिग्रॅमच असते. म्हणून या द्रव्याचा शरीरावर औषधी परिणाम होत नाही. ते केवळ मागोवा देते. त्याला ट्रेसर म्हणतात ते याच अर्थाने.

रक्तातील पहिले तीन तास

द्रव्य शिरेत दिल्यावर काही सेकंदांतच हृदयामार्गे सर्व शरीरात पोहोचते. पहिल्या मिनिटात काढलेली चित्रे रक्ताचा ओघ दाखवितात. त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांतील चित्रात रक्त व मृदू ऊती यांतील साठा दिसतो. दोन ते चार तासांनी घेतलेले चित्र अस्थींचे असते. एखाद्या अवयवासाठी या तिन्ही अवस्था टिपल्यास त्यास त्रि-अवस्था अस्थिचित्रण म्हणतात. केवळ त्वचेखालील मृदू ऊतींचा शोथ असल्यास पहिल्या दोन अवस्थांत तो भाग गडद दिसतो आणि तिसऱ्यात तेथील अस्थीवर स्वतंत्र गडद ठिकाण उमटत नाही. अस्थिपाक असल्यास तिन्ही अवस्थांत अस्थीचा भाग गडद राहतो. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या व्रणात हा भेद फार उपयोगी पडतो.

रुग्ण नेहमी विचारतो की इंजेक्शन दिल्यावर तीन तास बसवून का ठेवतात. याचे उत्तर रक्तात आहे. द्रव्य रक्तवाहिन्यांतून पाझरून ऊतींमधील द्रवातही उतरते. त्या वेळी चित्र काढल्यास सर्व शरीर धुक्यात बुडाल्यासारखे दिसेल. जसजसे रक्तातील द्रव्य अस्थी व मूत्रपिंडे यांच्याकडून ओढले जाते, तसतसे ऊतींमधील द्रव्य पुन्हा रक्तात येते व त्याच दोन मार्गांनी निघून जाते. इंजेक्शननंतर दोन तासांनी दिलेल्या मात्रेच्या ४ ते १० टक्के आणि तीन तासांनी केवळ ३ ते ५ टक्के द्रव्य रक्तात उरते. धुके विरते आणि अस्थी उठून दिसतात.

रक्तातील काही द्रव्य रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटते. हे प्रमाण काळानुसार वाढत जाते. प्रथिनाला चिकटलेला भाग मूत्रपिंडांतून गाळला जात नाही. म्हणून रक्त आरंभी वेगाने व पुढे मंद गतीने स्वच्छ होते.

रक्त लवकर स्वच्छ व्हावे हीच या शाखेची अनेक वर्षांची खटपट होती. १९६०च्या दशकात स्ट्रॉन्शियम-८५ वापरीत. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६५ दिवसांचे असून चित्रासाठी कित्येक दिवस थांबावे लागे. १९७१ साली अमेरिकेतील सिरॅक्यूस येथे सुब्रमण्यन व मॅकॅफी यांनी टेक्नेशियमला फॉस्फेटच्या साखळीशी जोडून दाखविले. परंतु त्या साखळीतील फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा बंध शरीरातील विकरे तोडू शकतात. १९७५ साली पुढे आलेल्या एमडीपीमध्ये त्या जागी फॉस्फरस व कार्बन यांचा दृढ बंध आहे. तो शरीरात तुटत नाही. रक्त लवकर स्वच्छ होते, आणि एकाच दिवसात तपासणी पूर्ण होते.

अस्थींकडून होणारे ग्रहण

अस्थीचा कठीण अंश हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइट या कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. एमडीपी या स्फटिकांच्या पृष्ठभागास चिकटते. कोठे किती चिकटेल हे दोन गोष्टींवर ठरते : त्या जागी रक्त किती पोहोचते, आणि तेथे नवी अस्थी किती वेगाने घडत आहे. नव्याने घडणाऱ्या अस्थीचे स्फटिक लहान व त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून तेथे द्रव्य अधिक जमते.

यावरून एक मूलभूत गोष्ट ध्यानात येते. चित्रातील गडद ठिपका कर्करोग दाखवीत नाही. तो अस्थीची घडण वाढल्याचे दाखवितो. अस्थिभंग भरून येताना, संधिगतवातात, दात काढल्यानंतर जबड्यात, अस्थिपाकात आणि अर्बुदाच्या प्रसारातही ठिपका दिसतो. उलटपक्षी, मल्टिपल मायलोमासारख्या व्याधीत अस्थी केवळ झिजते, नवी घडत नाही. तेथे चित्र निर्दोष दिसूनही व्याधी असू शकतो. कर्करोगाची चिकित्सा सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ठिपके कधी कधी अधिक गडद होतात, आणि ते अस्थी भरून येत असल्याचे चिन्ह असू शकते. म्हणून एका चित्रावरून ‘व्याधी वाढला’ असे रुग्णास सांगू नये.

मूत्रपिंडांतून उत्सर्जन

मूत्रपिंडांचे कार्य प्राकृत असल्यास पहिल्या चोवीस तासांत दिलेल्या मात्रेच्या ५० ते ७५ टक्के द्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते. अस्थीने जे घेतले नाही, त्याचा मुख्य मार्ग हाच.

निरोगी प्रौढात दर मिनिटास सुमारे १२५ मिलिलिटर रक्तद्रव मूत्रपिंडांतील केशिकागुच्छांतून गाळला जातो. दिवसाकाठी हा आकडा १८० लिटर होतो. शरीरात रक्तद्रव सुमारे तीनच लिटर असतो, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळणीतून जातो. एमडीपी प्राधान्याने या गाळणीनेच बाहेर पडते. तेथून ते मूत्रनलिका, गवीनी व बस्ती या मार्गाने जाते. त्यामुळे प्राकृत चित्रात दोन्ही मूत्रपिंडे फिकी व बस्ती गडद दिसते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. अधिक पाणी प्याल्याने मूत्राचे प्रमाण वाढते. गाळणीचा वेग मात्र तेवढ्याने वाढत नाही. मूत्रल द्रव्यांचेही तसेच. मग पाणी का पाजावयाचे? मूत्र पातळ व्हावे, बस्ती वारंवार रिकामी व्हावी आणि बस्तीच्या भित्तीला किरणांचा संसर्ग कमी काळ घडावा, यासाठी. शिवाय भरलेली बस्ती चित्रात श्रोणीच्या अस्थी झाकून टाकते. म्हणून कॅमेऱ्याखाली जाण्यापूर्वी मूत्रत्याग करावयास लावतात.

आता किती काळात शरीर मोकळे होते ते पाहू. २० मिलिक्युरी मात्रा दिल्यास केवळ नैसर्गिक क्षयाने सहा तासांनी १०, बारा तासांनी ५, अठरा तासांनी अडीच आणि चोवीस तासांनी सव्वा मिलिक्युरी उरते. त्यातील निम्मा ते पाऊण भाग मूत्रावाटे गेलेला असतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी शरीरात सुमारे ०.३ ते ०.६ मिलिक्युरी राहते. दोन दिवसांनी क्षयामुळेच मूळ किरणोत्सारितेचा २५६वा भाग उरतो. संपूर्ण तपासणीत शरीराला मिळणारी किरणमात्रा सुमारे ३ ते ४ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून मनुष्यास वर्षाकाठी मिळणारी मात्रा जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे.

ग्रंथोक्त विचाराशी तुलना

चरकसंहितेच्या विमानस्थानात अस्थिवह स्रोतसांचे मूळ मेद व जघन, मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन, आणि मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्ती व वंक्षण सांगितले आहे. वृक्क, मेद व अस्थी अशी साखळी येथे दिसते आणि ती वाचकाचे लक्ष वेधून घेते. तथापि ग्रंथोक्त वृक्क मूत्रनिर्मितीचा अवयव म्हणून वर्णिलेला नाही. म्हणून आजच्या गाळणीचे वर्णन या सूत्रांत शोधण्याचा मोह आवरावा. या परंपरेतून घेण्याजोगी दृष्टी निराळी आहे : धातू आणि मल यांचा विचार एकत्र करावा. धातूने जे घेतले नाही ते मलरूपाने किती गेले, हे पाहिल्यावाचून धातूची अवस्था कळत नाही. बोन स्कॅनचा अहवाल नेमका याच दृष्टीने वाचावा लागतो.

अहवालातील मूत्रपिंडे कशी वाचावीत

रक्तातील द्रव्याला अस्थी व मूत्रपिंडे अशी दोनच मोठी द्वारे आहेत. एका द्वाराने अधिक ओढले तर दुसऱ्यास कमी मिळते. यावरून पुढील प्रकार ओळखता येतात.

१) मूत्रपिंडे अत्यंत फिकी अथवा अदृश्य, अस्थी सर्वत्र गडद, मृदू ऊती स्वच्छ. याला ‘सुपरस्कॅन’ म्हणतात. सर्व अस्थींनी मिळून द्रव्य ओढून घेतल्याने मूत्रपिंडांसाठी ते उरत नाही. पौरुषग्रंथी इत्यादींच्या कर्करोगाचा व्यापक प्रसार, परावटू ग्रंथीचा अतिरेक व अस्थिमार्दव ही त्याची कारणे होत. असे चित्र वरवर ‘स्वच्छ’ व सुरेख दिसते, आणि तेथेच फसगत होते. आमच्या रुग्णाचे चित्र याच प्रकारचे होते.

२) मूत्रपिंडे फिकी, अस्थीही अस्पष्ट, मृदू ऊतींत धूसरपणा. येथे गाळणी मंद असल्याने द्रव्य रक्तात व ऊतींत रेंगाळते. मूत्रपिंडांच्या जीर्ण विकारात असे घडते. अशा वेळी चित्र अधिक उशिरा घ्यावे लागते. मात्र दीर्घकालीन वृक्कविकाराने अस्थीच विकृत झाल्या असतील तर पहिल्या प्रकारचे चित्रही दिसू शकते. म्हणून क्रिअ‍ॅटिनिन पाहिल्याविना मत देऊ नये.

३) एक मूत्रपिंड गडद व फुगलेले. मूत्रमार्गात अवरोध असण्याचा संभव. सोनोग्राफी करून घ्यावी.

४) दोन्ही मूत्रपिंडे अस्थींपेक्षा गडद. काही कर्करोगविरोधी औषधे, काही प्रतिजैविके, शरीरात लोहाचा अतिसंचय इत्यादी कारणे संभवतात.

५) मांडी अथवा श्रोणीवर एकाकी ठिपका. कपड्यावर वा त्वचेवर पडलेला मूत्राचा थेंबही असा ठिपका उमटवितो. जागा धुऊन, कपडा बदलून पुन्हा चित्र घेतल्यास संशय फिटतो.

हेही स्मरणात ठेवावे की बोन स्कॅन ही मूत्रपिंडांच्या कार्याची परीक्षा नव्हे. त्यासाठी डीटीपीए, एमएजी-३, डीएमएसए ही निराळी द्रव्ये व निराळ्या तपासण्या आहेत.

चिकित्सालयात पाळावयाचे नियम

१) अहवालाची सर्व पाने मागावीत व निष्कर्षाचे वाक्य स्वतः वाचावे. शंका राहिल्यास अहवाल देणाऱ्या तज्ज्ञास दूरध्वनी करण्यात कमीपणा मानू नये.

२) अस्थींत अर्बुदाचा संशय असून बोन स्कॅन सांगितला असेल, तर अहवाल येईपर्यंत पृष्ठवंशाचे मर्दन, कटीवर दाब देणाऱ्या क्रिया व हाडे ‘बसविणे’ पूर्णतः थांबवावे.

३) तपासणीच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी विरेचन, वमन व सर्वांग स्वेदन योजू नये. या क्रियांनी शरीरातील जलांश घटतो आणि त्या दिवशी आपणांस नेमके उलट हवे असते.

४) इंजेक्शन व चित्रण यांच्या दरम्यान काही पेले पाणी घेऊन वारंवार मूत्रत्याग करावा, ही सर्वसाधारण सूचना आहे. परंतु हृद्रोग, शोथ अथवा वृक्कविकार यांमुळे पाण्यावर मर्यादा असलेल्या रुग्णास ती सरसकट सांगू नये; त्याच्या चिकित्सकाने ठरविलेली मर्यादा पाळावी.

५) पुढील चोवीस तास बसून मूत्रत्याग करणे, शौचकूपात पाणी भरपूर सोडणे, हात साबणाने धुणे व मूत्राने भिजलेली वस्त्रे वेगळी धुणे पुरेसे आहे. गर्भिणी व स्तनदा मातांनी आपली अवस्था तपासणीपूर्वीच विभागास सांगावी.

६) रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी चिठ्ठीवर लिहून द्यावी. तीत लोहकल्प, भस्मे व इतर आयुर्वेदीय कल्प यांचाही नामनिर्देश असावा. लोहाची इंजेक्शने व बिसफॉस्फोनेट गटातील काही औषधे चित्र बदलू शकतात, म्हणून तज्ज्ञास ही माहिती हवी असते.

७) वेदनाशमनासाठी दिले जाणारे समारियम-१५३ सारखे अस्थिगामी द्रव्य ही चिकित्सा आहे, तपासणी नव्हे. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४६ तासांचे असून मात्रा व खबरदारी सर्वस्वी निराळी असते. दोहोंची गल्लत करू नये.

औषधालयचालकांस विनंती

तपासणीनंतर ‘अंगातले रेडिएशन काढणारे’ चूर्ण वा काढा मागणारे ग्राहक औषधालयात येतात. त्यांना असे कोणतेही द्रव्य विकू नये. गाळणीचा वेग चूर्णाने वाढत नाही, आणि किरणोत्सारितेचा क्षय कोणत्याही औषधाने लवकर होत नाही. आयोडीनच्या गोळ्यांचाही येथे काही संबंध नाही, कारण या द्रव्यात आयोडीन नसते. ‘पाणी प्या, लघवी तुंबवू नका, उद्यापर्यंत बहुतेक सर्व निघून जाईल’, हे एक वाक्य ग्राहकास धीर देते, आणि ते सत्यही आहे. वृक्कविकाराच्या रुग्णास मात्र तेवढ्यावर न सोडता त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे.

उपसंहार

शिरेत दिलेल्या द्रव्याचा हिशेब तीन खात्यांत मांडावा : रक्तात किती उरले, अस्थीने किती घेतले आणि मूत्रावाटे किती गेले. चित्र काढण्याची वेळ पहिल्या खात्यावरून ठरते, व्याधीचे स्थान दुसऱ्यावरून कळते आणि तिसरे खाते या दोहोंची परीक्षा करते. मूत्रपिंडे दिसत नाहीत एवढ्या एका वाक्यावर आम्ही मूत्रपिंडांची चिकित्सा आरंभिली, कारण आम्ही एकच खाते पाहिले. तिन्ही खाती पाहण्याची सवय लागली, तर आमच्या हातून घडले ते आपल्यापैकी कोणाच्याही हातून घडणार नाही.